पहिले बिनतारी हेलिकॉप्टर : विजेचे की इंधनाचे?

बिनतारी नियंत्रणाने उडणारे हेलिकॉप्टर हे केवळ खेळणे नव्हे. ते लहान आकाराचे खरेखुरे यंत्रच होय. जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास असे प्रतिरूप हुकमीपणे उडवून दाखविले आणि पुढे हा छंद देशोदेशी पसरला. आपल्या सभासद-कुटुंबांतील मुलांनाही त्याची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पहिले यंत्र विजेवरचे घ्यावे की ‘नायट्रो’ इंधनाचे, येथे पालक अडतात. त्याचा थोडक्यात विचार येथे करू.

प्रथम हे उडते कसे ते पाहू. डोक्यावरील मोठी पाती एका दिशेने फिरू लागली, की खालचे धड उलट दिशेने फिरू पाहते. त्याला थोपविण्यासाठी शेपटीला लहान पंखा असतो. वर-खाली जाणे, पुढे-मागे झुकणे, डावी-उजवीकडे झुकणे आणि नाक वळविणे अशी चार कामे दोन्ही हातांनी एकाच वेळी सांभाळावी लागतात. आज आतील जायरोमुळे हे ओझे बरेच हलके झाले आहे. तरीही शिकणाऱ्याचे यंत्र पडणारच, हे गृहीत धरून निवड केली पाहिजे.

नायट्रो इंधन म्हणजे मेथॅनॉल, वंगणाचे तेल आणि नायट्रोमिथेन यांचे मिश्रण. हेलिकॉप्टरसाठी नायट्रोमिथेनचे प्रमाण बहुधा शेकडा १५ ते ३० असते. टाकी संपली की पुन्हा भरून लगेच उडता येते, हा याचा मोठा गुण. परंतु इंजिनाचा प्लग तापविणे, सुई फिरवून इंधन व हवेचे प्रमाण जुळविणे, उड्डाणानंतर तेलाचा ओघळ पुसणे ही कामे रोजचीच. इंधन कमी पडून मिश्रण विरळ झाले, तर इंजिन तापून झिजते. शिवाय मेथॅनॉल पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, प्राणही जाऊ शकतो. आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. लहान मुलांच्या घरात असा डबा कुलपातच हवा.

विजेच्या यंत्रात मोटार व लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. तीत प्रत्येक घटाचा सर्वसाधारण दाब ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. एका भरणीत साधारण चार ते सहा मिनिटे उड्डाण होते. म्हणून दोन-तीन बॅटऱ्या जवळ ठेवाव्या लागतात. आवाज कमी, चिकटपणा नाही, आणि बसविल्यावर जुळवाजुळव थोडी. मात्र धोका येथेही आहे. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती चार्ज होत असताना घर सोडून जाऊ नये. आणखी असे, की नायट्रोचे इंजिन चालू झाल्याचे कानाला कळते. विजेची मोटार बॅटरी जोडताच गाफीलपणे सुरू होऊ शकते. यासाठी बॅटरी जोडण्यापूर्वी मोटार रोखणारे बटण लावावे व पात्यांपासून दूर राहावे.

या तुलनेवरून आमचे मत असे, की पहिले यंत्र विजेचेच असावे. नवशिक्याचा वेळ इंजिन सुधारण्यात न जाता हात बसविण्यात जावा, हे त्याचे मुख्य कारण. नायट्रोचा आनंद नंतर घेता येतो. प्रारंभी घरात उडेल असे, दोन पाती एकावर एक उलट दिशेने फिरणारे लहान यंत्र घ्यावे. ते बरेचसे स्वतःच स्थिर राहते. पुढे पात्यांचा कोन बदलणारे यंत्र घ्यावे. मोठे यंत्र वाऱ्यात अधिक स्थिर राहते, म्हणून थेट तेच घेण्याचा मोह होतो. पण तो उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधण्याचा प्रकार होय. खरेदीपूर्वी सुटे भाग, पाती व शेपटीचे पंखे सहज मिळतात की नाही, हेही विचारावे. संगणकावरील सरावाचा कार्यक्रम वापरल्यास पहिल्या कित्येक आपटण्यांचा खर्च वाचतो. मैदानावर शेपटी आपल्याकडे ठेवून, जमिनीपासून थोड्या उंचीवर एका जागी स्थिर राहणे, हाच पहिला धडा.

शेवटी सुरक्षिततेविषयी. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका उद्यानात १९ वर्षांच्या एका तरुणाचा स्वतःच्याच मोठ्या प्रतिरूपाच्या पात्याने मृत्यू झाला. तो नवशिका नव्हता. म्हणून उघडे मैदान, पुरेसे अंतर आणि जवळ लहान मुले नसणे, यांत तडजोड नको. आपल्याकडील २०२१ च्या ड्रोन नियमांत आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे विभाग केले आहेत. विमानतळ वा लष्करी छावणी जवळ असल्यास आपली जागा कोणत्या विभागात येते, हे आधी पाहावे.

पाल्याच्या हाती यंत्र देताना त्यासोबत संयमही द्यावा. हौस दोन दिवसांत भागते. कौशल्य आयुष्यभर पुरते.