स्पास्टिक मुलासाठी ‘लेझर’: पैसे भरण्याआधी

इनामगावहून मुलाला फिजिओथेरपीला नेता आणि तिथे कोणी म्हणाले, “सोबत लेझर घ्या, पाय लवकर सुटेल,” तर पाकीट जरा आवरा.

काय मिळते? स्पास्टिक सेरेब्रल पाल्सीत इजा मेंदूला झालेली असते. लेझरने स्नायूवर सोडलेला तांबडा किंवा इन्फ्रारेड प्रकाश ती भरून काढत नाही. स्नायूंचा ताठरपणा काही काळ सैलावतो, असे छोट्या अभ्यासांत दिसले. पुरावा अजून तोकडा आहे. म्हणून व्यायाम आणि स्प्लिंट आधी, प्रकाश फार तर जोडीला. व्यायामाच्या वेळेतून मिनिटे कापून प्रकाश देत असतील, तर नको म्हणा.

आधी मोफत सोय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंत तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. तपासणीला येणाऱ्या पथकाची वाट पाहू नका. न्हावरे किंवा शिरूरचे ग्रामीण रुग्णालय गाठा, औंध जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी मागा. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासणी, उपचार मोफत आहेत. ससून रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. तिथे सगळे मोफत असेल, असे गृहीत धरू नका.

कागदपत्रे. यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डाचा अर्ज ऑनलाइन, फी शून्य. मुलाचे आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने रिपोर्ट लागतात. एजंटला पैसे देऊ नका. पुढे निरामय आरोग्य विमा काढा: नोंदणी दारिद्र्यरेषेखाली 250 रुपये, इतरांना 500, संरक्षण 1 लाखापर्यंत. थेरपीचा खर्च ठरलेल्या मर्यादेत मिळतो. लेझर त्यात बसते का, हे आधी लेखी विचारा. मूळ बिले आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत असते. तिकीट काढतानाच यूडीआयडी कार्ड दाखवा.

खासगीत हिशेब असा करा. समजा, सेशन 400 रुपयांचे आणि पॅकेज 12 चे; 4,800 झाले. त्यात प्रत्येक फेरीचे भाडे, जेवण आणि बुडालेला रोज मिळवा. मग विचारा: नोंदणी फी दर वेळी का? लेझरवेळच्या संरक्षक चष्म्याचे वेगळे पैसे का? बिलात जीएसटी का? आरोग्यसेवेवर तो लागत नाही. घरी वापरायचे यंत्र भाड्याने किंवा विकत घ्या म्हणत असतील, तर सरळ नकार द्या.

फसगत कुठे होते? साधा तांबडा शेकाचा दिवा लेझर म्हणून खपवला जातो. यंत्राचे नाव आणि तरंगलांबी बिलावर लिहून मागा. दिव्याने कातडी भाजू शकते, आणि बोलता न येणारे मूल चटका बसल्याचे सांगू शकत नाही. लेझर चालू असताना मूल, पालक आणि थेरपिस्ट, तिघांच्याही डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. मुलाला फिट येत असतील, तर बालमेंदूतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

पहिल्या दिवशी गुडघा सरळ ठेवून घोटा किती अंश वर वळतो, ते थेरपिस्टकडून गोनिओमीटरने मोजून वहीत लिहून घ्या. पूर्ण पॅकेज आगाऊ भरू नका. चार सेशनचेच द्या. त्यानंतर त्याच थेरपिस्टकडून पुन्हा मोजून घ्या. आकडा हलला नाही, तर थांबा आणि व्यायाम मात्र चालू ठेवा. आगाऊ भरलेच असेल, तर न वापरलेल्या सेशनचे पैसे परत मिळतील हे पावतीवर लिहून घ्या. टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.