स्नायू वाढले, की पाय सुजले?

माझे सासरे, अण्णा, तळोजा एमआयडीसीत आयुष्य काढून निवृत्त झाले. आता पंचाहत्तरी ओलांडली तरी रोज सकाळी रोडपालीच्या तळ्याकडे त्यांची फेरी असतेच. तिथेच एकदा ‘मोफत बॉडी चेकअप’चा तंबू लागला. टेबलावर प्रोटीन पावडरचे डबे, खाली काचेचा काटा, आणि दोन मिनिटांत हातात छापील कागद: चरबी इतके टक्के, स्नायू इतके किलो, शरीराचं वय अमुक.

पावडर सुरू झाली. पुढच्या खेपेला अण्णांचं वजन वाढलेलं निघालं आणि कागदावर स्नायूही वाढलेले. तंबूतल्या माणसाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. अण्णा खूश. मला मात्र खटकत होतं ते वेगळंच. दोन जिने चढले की ते कठड्याला धरून थांबायचे आणि संध्याकाळी मोजे काढले की घोट्याच्या वर खोल वळ दिसायचा. नडगीवर अंगठा दाबून धरला तर खळगा पडायचा आणि बराच वेळ भरून यायचा नाही.

डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि आधी पाय पाहिले. मग ईसीजी, इको. हृदयाचा पंप कमजोर झाला होता, अंगात पाणी साचत होतं. लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली, जेवणातलं मीठ कमी केलं, लोणचं-पापड ताटातून गेले. वजन उतरलं, सूज उतरली, जिना एका दमात चढता येऊ लागला. आणि गंमत बघा, अण्णा हौसेने पुन्हा तंबूत गेले तर कागद म्हणाला, स्नायू घटले! ‘बघा काका, पावडर सोडलीत ना,’ हे वर ऐकून आले ते वेगळंच.

हे असं का होतं, ते घरात म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावं. हा काटा वजन सोडलं तर एकच गोष्ट मोजतो: विजेला अंगातून होणारा अडथळा. तळपायातून, काही यंत्रांत हातातूनही, अगदी सौम्य प्रवाह सोडतात. साध्या यंत्रांत तो बहुधा ५० किलोहर्ट्झचा आणि एक मिलिअँपिअरहूनही कमी असतो, त्यामुळे जाणवत नाही. पाणी आणि क्षार जिथे आहेत तिथून वीज सहज जाते, चरबी तिला अडवते. स्नायूंत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं. म्हणून अडथळ्यावरून पाण्याचा अंदाज, पाण्यावरून स्नायूंचा, आणि उरलं ते चरबी, असा हिशेब. धडधाकट तिशीतल्या माणसात तो बऱ्यापैकी जमतो. पण पायात साचलेलं पाणी आणि स्नायूतलं पाणी हा फरक साध्या काट्याला कळत नाही. सूज असली की स्नायू फुगवून दाखवतो. उलट उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलेल्या आजीची चरबी वाढवून सांगतो.

यात उंचीचा आणखी एक घोळ आहे. हिशेबात उंचीचा वर्ग धरतात. अण्णांनी नोकरीला लागतानाची उंची सांगितली. आता पाठीला बाक आलाय, ते कोणी मोजलंच नाही. उंची जास्त सांगितली की स्नायूही फुकटात वाढतात. टाचांना भेगा, तळव्याला जाड कातडी असेल तर प्रवाह नीट शिरत नाही, तेही म्हाताऱ्यांतच जास्त. आणि ‘शरीराचं वय’? त्याची सर्वमान्य वैद्यकीय व्याख्याच नाही. ज्या त्या कंपनीचं आपापलं गणित.

म्हणून हे तंत्रच टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. नुसत्या वजन-उंचीवर विसंबण्यात काय धोका आहे, ते आपल्याच पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. ती क्ष-किरणांच्या डेक्सा तपासणीत मोजलेली होती. आपण भारतीय बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगतो. तेव्हा गोऱ्या लोकांच्या शरीरावर बसवलेलं सूत्र आपल्या आजोबांना जसंच्या तसं लागू पडेल, ही आशाच करू नये.

मोजायचंच असेल तर यंत्र तेच, वेळ तीच ठेवा. सकाळी उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर, फेरी मारण्याआधी. उंची त्या दिवशी भिंतीला उभं करून घ्या. एका आकड्याने हुरळू नका, काही महिन्यांचा कल बघा.

त्याहून सोपी परीक्षा घरच्या खुर्चीत आहे. हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठबस करायला सांगा, शेजारी आधाराला उभं राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांतली ताकद कमी झाली असं समजून डॉक्टरांना सांगा. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली हीच मर्यादा धरली आहे. पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजा: पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी, बायकांत ३३ पेक्षा कमी असेल तरी दाखवून घ्या. अर्थात पाय सुजलेले असतील तर टेपही फसते.

अण्णांच्या ताटात आता वरण घट्ट असतं, उसळ रोज आणि दुपारी वाटीभर दही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेवढंही डॉक्टरांना विचारूनच वाढवावं. डबाबंद पावडर तर नक्कीच.

आणि पेसमेकर बसवलेल्यांनी अशा काट्यावर चढूच नये. काट्यावर उभं करण्याआधी पेसमेकर आहे का, पाय सुजतात का, हे तंबूत कोणी विचारलं नाही, तर चप्पल न काढता सरळ पुढे चालू लागा.