गहुलीचे वसंतराव

यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळ गहुली नावाचे एक लहानसे गाव आहे. तो बंजारा समाजाचा तांडा. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. १ जुलै १९१३ रोजी तेथे एका शेतकरी कुटुंबात वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी त्यांना लहानपणीच आसपासच्या गावी जावे लागले. पुढे नागपूरला शिकून ते वकील झाले आणि पुसदला वकिली करू लागले. १९४६ साली ते पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ साली आमदार झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा ते महसूलमंत्री होते. डिसेंबर १९६३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले.

त्या काळी देशात धान्य कमी पडे. अमेरिकेतून गहू आणावा लागे. १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यासमोर सभा भरली होती. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही, तर मला फाशी द्या, असे वसंतराव तेथे म्हणाले. हे बोलणे मोठ्या धाडसाचे होते. पाऊस काही मुख्यमंत्र्यांचे ऐकत नाही!

त्यांचा भरवसा संकरित ज्वारीवर होता. लोक तिला 'हायब्रीड' म्हणत. तिचे पीक भरघोस येई, पण शेतकरी कुरकुरत. भाकरीला जुन्या ज्वारीची चव नाही, बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, खतही जास्त लागते, असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वसंतराव स्वतः शेतकरी होते. ते बांधावर उभे राहून शेतकऱ्यांशी बोलत. हळूहळू नवे बी शेतांत पोचले. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठेही याच काळात निघाली.

तरी १९७२ साली भयंकर दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे मेली. लोकांना परदेशी लाल मिलो ज्वारी खावी लागली. पुण्यातला शब्द पुरा झाला नव्हता. पण सरकारने लोकांच्या हातांना काम दिले. खडी फोडणे, तलाव खोदणे, रस्ते बांधणे अशा कामांवर लाखो माणसे आली. मजुरीवर त्यांच्या घरची चूल पेटली. यातूनच रोजगार हमी योजना वाढली. १९७७ साली राज्यात तिचा कायदा झाला.

वसंतराव फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. १८ ऑगस्ट १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात 'कृषी दिन' म्हणून पाळतात. पाऊस वेळेवर आला, तर त्या दिवशी पुसदच्या शिवारात पेरणीची घाई असते.