सांगावे कसे?

गावात एखादे चांगले काम काढले, की लोकांना सांगायचे कसे, हीच पहिली अडचण येते. आम्ही हे फार उशिरा शिकलो.

वऱ्हाडातल्या एका खेड्यात आम्ही हेडमास्तर होतो. दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली, की मुलींची हजेरी निम्म्यावर येई. आम्ही शाळेच्या फळ्यावर लिहिले, "मुलींना न पाठविणाऱ्या पालकांवर कारवाई होईल." आठ दिवस गेले. एकही मुलगी आली नाही. येणार कशी? ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांतल्या बहुतेकांना वाचताच येत नव्हते! ज्यांना येत होते, ते रागावले.

तेव्हा आम्हांला गाडगेबाबा आठवले. बाबा आपल्याच जिल्ह्यातले. १८७६ साली शेंडगावला जन्मले, १९५६ साली वलगावजवळ वारले. शाळेत कधी गेले नाहीत. पण त्यांच्या कीर्तनाला हजारो माणसे बसत. गावात आले की बाबा आधी हातात खराटा घेत आणि गाव झाडत. झाडता झाडता त्यांना गावाची खरी ओळख होत असावी. रात्री कीर्तनात ते आपल्या वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण करावा काय? उत्तर लोकांनीच द्यायचे. आपल्या तोंडून निघालेली गोष्ट माणूस सहजी टाकून देत नाही.

त्यांच्या मुलीच्या बारशाची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. त्या काळी बारशाला दारू-मटण लागे. बाबांनी पाहुण्यांना गोड जेवण वाढले. काय सोडायचे ते सांगितले, तसे त्याच्या जागी काय घ्यायचे तेही पानात वाढले.

आम्ही फळा पुसला. संध्याकाळी मजुरांच्या वस्तीत जाऊन एका ओट्यावर बसलो. एक बाई म्हणाली, "मास्तर, म्या वावरात गेली तं धाकट्याले कोण सांभायीन? पोरगीच सांभायते."

आम्ही विचारले, "बाई, वेचलेल्या कापसाचं वजन कोण लिहिते?"

"मालक लिहिते."

"अन् वाचते कोण?"

बाई काही बोलली नाही. मुलीकडे पाहत राहिली.

दव उडाल्याशिवाय वेचणी सुरू होत नाही. तेवढा वेळ आम्हांला पुरेसा होता. या वेळी फळ्यावर न लिहिता दवंडी दिली, "मुलींची शाळा सकाळी सात ते साडेनऊ. धाकटा भाऊ संगं आणला तरी चालीन."

पहिल्या दिवशी चार मुली आल्या. एकीच्या कडेवर भाऊ होता. तो सारा वेळ रडला, पण शाळा चालली. सगळ्याच मुली आल्या असे नाही. दोन घरे शेवटपर्यंत आली नाहीत; त्यांना काय सांगायला हवे होते, ते आम्हांला अजून उमगलेले नाही. भावाला घेऊन येणारी ती मुलगी मात्र पुढे आईच्या कापसाचे वजन रोज आपल्या पाटीवर लिहून ठेवू लागली.