बर्फातली पाणरोधक विजार : एक अभ्यास

कला शाखेच्या वार्षिक अंकात विजारीवरचा लेख पाहून आमच्या प्राध्यापकांच्या भुवया उंचावतील, हे मी जाणून आहे. परंतु आपल्यापैकी कितीतरी मुलेमुली डिसेंबरच्या सुटीत हिमालयात जातात, आणि निघण्यापूर्वीची त्यांची सारी चर्चा बूट, जाकीट व स्लीपिंग बॅग यांवरच संपते. कमरेखाली बाहेरून काय घालावे, हा प्रश्न आदल्या दिवशी दुकानात उभ्या-उभ्या सुटतो. माझाही तसाच सुटला होता.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला या वस्तूची ओळख नसते, यात नवल नाही. श्रावणात राजगड चढताना माणूस नखशिखान्त भिजतो आणि मजेत असतो. हवा उबदार असते, चालता चालता अंगावरचे कपडे निम्मे वाळतात. त्या सवयीने मी पावसाळी रेनकोटाबरोबर मिळणारी नायलॉनची विजार सॅकमध्ये टाकली आणि केदारकंठ्याला गेलो. उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सांकरी गावाहून चढायचे हे शिखर सुमारे १२,५०० फूट उंच आहे. कठीण मुळीच नाही. शिखराच्या दिवशी पहाटे अंधारातच निघायचे होते. माझ्या विजारीला खाली इलॅस्टिक होते, बाजूला चेन नव्हती. म्हणजे ती चढवायची तर बूट काढणे आले. वाटेत बर्फात बूट कोण काढणार? म्हणून तंबूतूनच ती घालून निघालो.

पहिल्या तासातच आत घामाच्या धारा लागल्या. वर पोहोचलो तेव्हा नायलॉन बाहेरून कोरडे होते आणि आतली लोकरी विजार पिळून काढावी इतकी ओली. मागे राहिलेल्या मंडळींची वाट पाहत आम्ही अर्धा तास वाऱ्यात उभे राहिलो. त्या अर्ध्या तासात मांड्या बधिर झाल्या, दातखिळी बसू लागली, आणि बरोबरच्या मैत्रिणीने विचारलेल्या साध्या प्रश्नाचे उत्तर मला धड देता येईना. आमच्या वाटाड्याने ते पाहिले मात्र, "चलो, नीचे चलो, रुको मत," म्हणत त्याने मला जवळजवळ ओढतच उतरवले.

कडाक्याच्या थंडीतला बर्फ कोरडा असतो. तो झटकला की पडतो. तो भिजवतो ते आपण त्यावर बसलो, गुडघा टेकला, किंवा दुपारी ऊन लागून तो ओलसर झाला तर. पण घाम मात्र सकाळपासून चालूच असतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून हिवाळ्यातल्या बाहेरच्या विजारीची परीक्षा पाणी आत येऊ न देण्यापेक्षा आतले पाणी बाहेर जाऊ देण्यात अधिक होते, असे माझे मत झाले आहे.

ही अडचण जुनीच आहे. चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर घालण्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून पाणरोधक कपडा आणि घामाची तक्रार जोडीनेच चालत आली आहेत. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेल्या मॅलरीने रेशीम, सूत व लोकर यांच्या थरांवर गॅबर्डिन घातले होते. घट्ट विणीचे हे कापड वारा अडवते, घाम जाऊ देते, पण भर पावसात टिकत नाही. पुढे १९६९ साली बॉब गोर यांना टेफ्लॉनचा पदर झटक्याने ताणून सूक्ष्म छिद्रांचा करता आला. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, वाफ जाते. १९७६ पासून या पडद्याचे कपडे बाजारात आहेत, आणि आज त्याच तत्त्वावरचे इतरही अनेक पडदे मिळतात.

दुकानदार मात्र वाफेविषयी कमी आणि पाण्याच्या आकड्याविषयी अधिक बोलतो. '१०,००० मिलिमीटर' म्हणजे कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही. एवढे लागते कशाला, हे मला कळत नव्हते. मग शाळेतले गणित आठवून पाहिले. साठ किलोच्या माणसाने एका गुडघ्यावर निम्मा भार टाकला आणि गुडघ्याची टेकलेली जागा पन्नास चौरस सेंटिमीटर धरली, तर दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो दाब येतो. हा सहा मीटर, म्हणजे ६,००० मिलिमीटर स्तंभाचा दाब झाला. उभ्याने पावसात दोन हजारांचे कापड पुरेल. बर्फात गुडघे टेकणाऱ्याला दहा हजारांच्या खाली जाऊ नये. वाफेचे आकडेही चिठ्ठीवर असतात, पण ते मोजण्याच्या पद्धती निरनिराळ्या असल्याने दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. शिवणी आतून पट्टी चिकटवून बंद केल्या आहेत ना, हे मात्र विजार उलटी करून अवश्य पाहावे. नाहीतर कापड कितीही उत्तम असो, सुईच्या भोकांतून पाणी येणारच.

तरीही पडद्यावर फार भिस्त ठेवू नये. फार थंडीत वाफ बाहेर पडण्यापूर्वीच आतल्या बाजूला गोठते आणि तिचा पांढरा भुगा होतो. म्हणून माझ्या लेखी पडद्यापेक्षा चेन महत्त्वाची. घोट्यापासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंना पूर्ण चेन असेल, तर बूटच काय, क्रॅम्पॉन न काढताही विजार चढवता-उतरवता येते. चढावर मांडीपाशी उघडी ठेवून हवा खेळवता येते. चेन दोन्ही टोकांकडून उघडणारी असावी. जाड हातमोजे घालून ती ओढता येते का, हे दुकानातच करून पाहावे. लोक हसतील, हसू द्यावेत. मुलींनी तर या चेनवर अडूनच बसावे. वाऱ्यात, कमरेला हार्नेस असताना आडोशाला जाण्याची वेळ येते, तेव्हा मागचा भाग सुटा करता येणारी विजार ही चैन नसून गरज असते. आमच्या बरोबरच्या दोघींनी त्या भीतीने दिवसभर पाणीच कमी प्यायले होते, आणि उंचीवर तो फार वाईट उपाय आहे.

माप घेताना आतले सारे कपडे घालूनच जावे. गुडघा छातीपर्यंत उचलावा; कापड मांडीवर ताणले तर एक माप मोठे घ्यावे. पायाचा घेर मात्र फार ढगळ नको. क्रॅम्पॉनचे दाते त्यात अडकले की माणूस तोंडावर आपटतो. पोटरीच्या आतल्या बाजूला जाड कापडाचे ठिगळ असते, ते याच दात्यांसाठी. गेटर वापरणार असाल तर ठिगळ नसले तरी चालेल.

उतरताना माझा पाय घसरला. गुळगुळीत नायलॉनवर मी बसल्या बसल्या जो निघालो तो थांबेना. उतार पुढे सौम्य होता आणि बर्फ भुसभुशीत, म्हणून तीस-चाळीस फुटांवर एका ढिगाऱ्यात रुतलो. आइस अ‍ॅक्स हाती नव्हती, असती तरी ती रोवण्याचा सराव नव्हता. तेव्हापासून मी विजारीचे कापड बोटाने घासून पाहतो. किंचित खरखरीत, जाड कापड घसरण रोखत नाही, पण चकचकीत पातळ नायलॉनइतकी ती वाढवतही नाही. कठीण बर्फाच्या उतारावर पहिल्या एक-दोन सेकंदांतच स्वतःला थांबवावे लागते; तेवढ्यात वेग किती वाढला, यावर पुढचे सारे ठरते.

बाजारात हजार-दीड हजारापासून वीस हजारांच्या पुढे किमती जातात. वर्षातून एकदा जाणाऱ्याने महागडी वस्तू घ्यावी असे मी म्हणणार नाही. डोंगरपायथ्याच्या गावांतून भाड्याने मिळते, फक्त आदल्या संध्याकाळी घालून, चेन चालवून पाहावी. स्वतःची घेतलीत तर ती धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नये. त्याने कापडावरचा पाणी झटकणारा लेप निकामी होतो, कापड पाणी पिऊन जड होते आणि वाफेची वाट बंद होते.

माझी ती पहिली विजार अजून आहे. स्कूटरच्या डिकीत असते, आणि जुलैच्या पावसात कॉलेजला येताना अगदी चोख काम देते.