परदेशातील कायम वास्तव्य आणि ग्रामपंचायतीचे दप्तर

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. अंमलबजावणीत शालेय शिक्षण विभागाचा सहभाग असल्याने हा विषय शिक्षकांपर्यंतही पोहोचला. चामोर्शीसारख्या भातशेती व जंगल यांवर चरितार्थ चालविणाऱ्या तालुक्यातही आयटीआय शिकलेला वीजतंत्री किंवा परिचर्येचे शिक्षण घेतलेली युवती आज परदेशी नोकरीचा विचार करू शकते. पगार किती, हे कोणीही सांगतो. कुटुंबास सोबत नेता येईल काय व तेथे कायम राहता येईल काय, या प्रश्नांचे उत्तर मात्र नीट समजून घ्यावे लागते.

कायम वास्तव्याचा परवाना म्हणजे नागरिकत्व नव्हे. परवानाधारक भारतीयच राहतो; त्याचे पारपत्र भारताचेच असते. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यास मात्र भारताचे नागरिकत्व संपुष्टात येते. अनिवासी भारतीयास वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. धुऱ्याच्या वाटणीपूर्वी हे घरात सर्वांना ठाऊक असलेले बरे.

जर्मनीत प्रथम मुदतीचा परवाना मिळतो. कुशल कामगारास सामान्यतः तीन वर्षांनंतर कायम परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी निवृत्तिवेतन निधीत ३६ महिन्यांचा भरणा आणि 'बी-१' पातळीचे जर्मन लागते. उच्चशिक्षितांच्या निळ्या कार्डावर ही मुदत २७ महिने, आणि 'बी-१' भाषा असल्यास २१ महिने आहे. पती किंवा पत्नीस तेथे नोकरी करता येते. सामान्यतः जोडीदारासही प्राथमिक जर्मनची परीक्षा द्यावी लागते. निळे कार्ड किंवा कुशल कामगाराचा परवाना असणाऱ्यांच्या जोडीदारास मात्र ती माफ आहे. तरीही भाषावर्गात एकट्या उमेदवाराचेच नाव घालणे अदूरदृष्टीचे होय.

कॅनडाची रीत निराळी. तेथे २०१५ पासून चालू असलेल्या गुणपद्धतीत वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांचे गुण धरून निवड होते. पती-पत्नी व २२ वर्षांखालील अविवाहित अपत्ये एकाच अर्जात येतात व प्रवेशाबरोबरच कायम रहिवासी ठरतात. पुढे हा दर्जा टिकविण्यासाठी दर पाच वर्षांत ७३० दिवस तेथे राहणे आवश्यक असते. अर्जात एखादे अपत्य दाखविलेच नाही, तर त्यास नंतर बोलाविणे अतिशय कठीण होते. आखाती देशांत सामान्य कामगारास कायम वास्तव्याची आशा ठेवता येत नाही. तेथील परवाना नोकरीशीच बांधलेला असतो.

या सर्व मार्गांचा आरंभ गावच्या नोंदवहीत आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार विवाहनोंदणीही गावातच होते. घरी वाजतगाजत लग्न झाले, हा परदेशी कार्यालयापुढे पुरावा नव्हे. जन्मनोंदीत आईचे नाव माहेरचे, विवाह प्रमाणपत्रात सासरचे आणि आधारवर तिसरेच, अशी स्थिती असल्यास कुटुंब एकच आहे हे सिद्ध करण्यातच महिने जातात. मुलाच्या नावाच्या जागी केवळ 'बाळ' असलेली नोंद हीदेखील नेहमीची अडचण आहे.

कागदाचे मोल या तालुक्यास नवे नाही. चामोर्शी व मुलचेरा परिसरात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या विस्थापित कुटुंबांच्या वसाहती १९६० नंतरच्या दशकांत शासनाने वसविल्या. अशा स्थलांतरितांना जन्म, जात व रहिवासाच्या दाखल्यांसाठी किती खटाटोप करावा लागतो, हे येथील जुने कर्मचारी जाणतात.

ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांनी दाखला देताना नावाचे इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहावे. मुख्याध्यापकांनी दहावीचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वीच हे काम करावे, कारण गुणपत्रक छापल्यानंतरची दुरुस्ती दीर्घकाळ चालते. दाखले परदेशात मान्य व्हावेत म्हणून पुढे राज्यस्तरावर साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपोस्टिल घ्यावे लागते. हा आंतरराष्ट्रीय करार भारतास १४ जुलै २००५ पासून लागू आहे. जे देश भारताचे ॲपोस्टिल स्वीकारीत नाहीत, ते आपल्या वकिलातीमार्फत स्वतंत्र पडताळणी करतात, आणि त्या वेळी मूळ नोंदवहीच पाहिली जाऊ शकते.