वाळवंटातील हिरवळ आणि नशिबाचे चाक

बंगळूर शहरातील कोरमंगल भागाकडून सर्जापूर या गावाकडे जाणारा रस्ता एकेकाळी शेते आणि तलाव यांच्यामधून जात असे. आज त्याच्या दोन्ही अंगांस संगणक-उद्योगाची कार्यालये आणि उंच निवासी संकुले उभी आहेत. या सर्जापूर रोडवर पुणे, बेळगाव, सोलापूर अशा ठिकाणांहून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही राहतात. अशा एखाद्या घरात सुट्टीचा बेत ठरू लागला म्हणजे कधी गोव्याचे नाव निघते, तर कधी कामानिमित्त अमेरिकेस गेलेला मुलगा किंवा जावई लास व्हेगासचे वर्णन करतो. वाळवंटात वसलेले ते शहर, सकाळी गोल्फ, रात्री कॅसिनो, आणि राहण्याची खोली जवळजवळ फुकट! हे ऐकून श्रोत्यांच्या मनात एक रास्त प्रश्न उभा राहतो. एवढे सारे फुकट देऊन त्या लोकांना परवडते तरी कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच प्रस्तुत पाठाचा विषय होय.

प्रथम या शहराचा इतिहास पाहू. नेवाडा हे अमेरिकेतील अत्यंत कोरडे राज्य. १९३१ साली, जागतिक मंदीच्या काळात, त्या राज्याने जुगार कायदेशीर केला. त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे बांधकाम सुरू झाले. १९४१ पासून शहराबाहेरच्या महामार्गावर मोठी विश्रामगृहे उभी राहू लागली. १९५० मध्ये ‘डेझर्ट इन’ हे हॉटेल उघडले आणि दोन वर्षांनी त्याने स्वतःचे गोल्फचे मैदान तयार केले. १९५३ पासून १९६६ पर्यंत तेथे नामांकित खेळाडूंची वार्षिक स्पर्धा भरत असे. जुगार आणि गोल्फ यांची सांगड अशा रीतीने वाळवंटात घातली गेली.

वरवर पाहता या दोन गोष्टी एकाच सुट्टीची दोन अंगे वाटतात. परंतु त्यांच्या स्वभावात मूलभूत भेद आहे. गोल्फमध्ये चेंडू चुकीच्या दिशेस गेला, तर दोष बहुधा खेळाडूच्या हाताचा, खांद्याचा किंवा अंदाजाचा असतो. सरावाने तो दोष कमी होतो. दोन असमान खेळाडूंना बरोबरीने खेळता यावे म्हणून दुबळ्या खेळाडूस काही फटक्यांची सवलत देण्याची ‘हँडिकॅप’ नावाची पद्धतही या खेळात आहे. रुलेटच्या चाकाला मात्र सराव ठाऊक नाही. तेथे सवलत असते, पण ती नेहमी जुगारघराला असते; खेळणाऱ्याला कधीच नसते.

ही सवलत किती असते, हे साध्या अंकगणिताने समजते. अमेरिकन पद्धतीच्या रुलेटच्या चाकावर ३८ खाने असतात. त्यांत १ ते ३६ हे आकडे आणि दोन शून्ये असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावून तो आकडा आला, तर खेळणाऱ्यास त्याचे १०० रुपये परत मिळतात आणि वर ३,५०० रुपये मिळतात. आता प्रत्येक खाना एकदा येईल अशा ३८ फेऱ्यांची कल्पना करा. खेळणाऱ्याने एकूण ३,८०० रुपये लावले. त्याच्या हाती ३,६०० आले. दोनशे रुपये चाकाच्या मालकाकडे राहिले. हे प्रमाण शेकडा ५.२६ पडते. युरोपीय चाकावर एकच शून्य असल्याने तेच प्रमाण शेकडा २.७० होते. आपल्याकडे जुगाराचा अड्डा चालविणारा जिंकणाऱ्याकडून जी ‘नाल’ घेतो, तीच ही नाल. फरक एवढाच की, येथे ती कोणी मागत नाही. ती चाकातच बसविलेली असते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची योजना आहे. द्यूत एकाच ठिकाणी चालावे, आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच भाग त्याने घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. दोन आकडे जवळजवळ सारखे दिसतात. पण त्यांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. कौटिल्याचा भाग जिंकलेल्या रकमेवर आहे. रुलेटची नाल प्रत्येक वेळी पणाला लावलेल्या रकमेवर आहे, मग खेळणारा जिंको वा हरो.

येथेच सामान्य प्रवाशाची फसगत होते. तो मनाशी म्हणतो, “दहा हजार रुपये घेऊन जातो, शेकडा पाचप्रमाणे फार तर पाचशे जातील.” परंतु तेच पैसे पुनःपुन्हा पणाला लागतात. त्याने एका संध्याकाळी शंभराच्या २०० पैजा लावल्या, तर पणाला लागलेली एकूण रक्कम २०,००० होते. अशा तीन संध्याकाळी मिळून ती ६०,००० होते, आणि तिच्यावरील सरासरी तोटा सुमारे ३,१५८ रुपये येतो. एखादा प्रवासी याहून कमी गमावील, एखादा जिंकेलही, एखादा सर्वस्व घालवील. मात्र हजारो प्रवाशांचा हिशेब एकत्र केला की, जुगारघराची मिळकत या सरासरीच्या अगदी जवळ येते. गणितात यास मोठ्या संख्यांचा नियम म्हणतात. खेळणाऱ्यासमोर नशीब असते. मालकासमोर सरासरी असते.

फुकट खोलीचे रहस्यही यातच आहे. पैजेची सरासरी रक्कम, तासाला होणाऱ्या फेऱ्या, खेळण्याचे तास आणि नालेचे प्रमाण यांचा गुणाकार करून प्रत्येक गिऱ्हाइकाकडून किती मिळकत अपेक्षित आहे, हे जुगारघर काढते. त्या मिळकतीचा काही भाग खोली, भोजन किंवा गोल्फच्या एका फेरीच्या रूपाने परत दिला जातो. ती भेट नव्हे. ती पाहुण्याच्याच पैशातून दिलेली सूट असते.

यापासून सुटका करून घेण्यासाठी पुष्कळजण पैज दुप्पट करण्याची युक्ती योजतात. शंभर हरले की दोनशे, मग चारशे, आणि असेच पुढे. सात वेळा लागोपाठ हरल्यास १२,७०० रुपये जातात, आणि जिंकले तर लाभ मात्र शंभराचाच. तांबड्या-काळ्याच्या पैजेत अमेरिकन चाकावर असे लागोपाठ सात पराभव सुमारे ८९ प्रयत्नांत एकदा येतात. “आता तरी पाळी बदललीच पाहिजे,” हा विचारही निराधार आहे. १९१३ च्या ऑगस्टमध्ये माँटे कार्लो येथे चेंडू लागोपाठ २६ वेळा काळ्यावर पडला, आणि तांबड्यावर पैसे लावीत गेलेल्यांनी फार मोठ्या रकमा गमावल्या. चाकाला स्मृती नसते. सकाळी मैदानावर कौशल्याचे फळ मिळालेला मनुष्य रात्री चाकापाशी बसतो, तेव्हा सकाळचा आत्मविश्वास तो सोबत घेऊन येतो. हा आत्मविश्वासच त्याला महाग पडतो.

कौशल्य आणि दैव यांतील ही सीमारेषा भारतीय न्यायालयांनाही आखावी लागली आहे, आणि तिच्याशी बंगळूरचा जुना संबंध आहे. बंगळूरहून प्रसिद्ध होणाऱ्या एका साप्ताहिकातील बक्षिसाच्या शब्दकोड्यांवर तेव्हाच्या मुंबई राज्याने कर बसविला. कोड्याचे उत्तर चालकांनी आधीच ठरविलेले असे. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९५७ साली न्यायालयाने निर्णय दिला की, जुगार हा संविधानाने संरक्षिलेला व्यापार नव्हे. १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला; १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींबाबतही तसाच निर्णय झाला. गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगारविषयक कायद्यात १९९२ व १९९६ साली दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि पाण्यावरील कॅसिनोंना वाट दिली. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा संमत केला होता; तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. पुढे जुगार दूरध्वनीच्या पडद्यावर आला. कर्नाटकाने २०२१ मध्ये केलेली बंदी उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्दबातल ठरविली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मात्र संसदेने, कौशल्य असो वा दैव, पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला.

आता हिरवळीकडे वळू. लास व्हेगास येथे वर्षाकाठी जेमतेम चार इंच पाऊस पडतो. शहराचे सुमारे नऊ-दशांश पाणी कोलोरॅडो नदीतून येते. हॉटेलांच्या न्हाणीघरांत वापरलेले पाणी शुद्ध करून धरणाच्या जलाशयात परत सोडले जाते. म्हणून खरी तूट तेथे होत नाही. हिरवळीवर शिंपडलेले पाणी मात्र बाष्प होऊन जाते आणि परत येत नाही. याच कारणास्तव नेवाडाने २०२१ मध्ये कायदा करून केवळ शोभेची हिरवळ २०२६ च्या अखेरीपासून नदीच्या पाण्यावर जगविण्यास मनाई केली. गोल्फच्या मैदानांना त्यातून वगळले असले, तरी त्यांनाही पाणी मोजून मिळते. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरमध्ये पाण्याचे दुर्भिक्ष झाले, आणि टँकरची वाट पाहणे म्हणजे काय हे पुष्कळ कुटुंबांनी अनुभवले. त्यांना वाळवंटातील हिरवळीची किंमत निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. फुकट खोलीप्रमाणेच फुकट भासणाऱ्या हिरवळीचाही कोणीतरी हिशेब चुकता करीत असतो.

ज्या वाचकास वरील गणिताचा पडताळा हवा असेल, त्याने घरीच एक प्रयोग करावा. एका डब्यात ३८ चिठ्ठ्या टाकाव्यात: १८ तांबड्या, १८ काळ्या, दोन हिरव्या. शंभर चिंचोके घेऊन प्रत्येक वेळी एक चिंचोका तांबड्यावर लावावा, चिठ्ठी काढावी, पाहावी आणि पुन्हा डब्यात टाकून डबा हलवावा. जिंकल्यास एक चिंचोका अधिक घ्यावा. हरल्यास एक बाजूस ठेवावा. पहिल्या वीस-पंचवीस फेऱ्यांत जिंकल्याचा आनंद होणे अगदी संभवनीय आहे. पाचशे फेऱ्यांनंतर किती चिंचोके उरले ते मोजावे. घरातील दोघातिघांनी हा प्रयोग वेगवेगळा करून आपापले आकडे एकत्र मांडले, तर त्या दोन हिरव्या चिठ्ठ्यांचे काम स्पष्ट दिसून येईल. सुट्टीस कोठे जावे, आणि गेल्यावर कोणत्या करमणुकीवर किती खर्च करावा, हे त्यानंतर ज्याचे त्याने ठरवावे.